आगरकर रुसून गेले नव्हते

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला याचं मी माझ्या लेखात कौतुक केलं. वेगळी चूल मांडणं सोपं असतं, चिकाटी बघायची तर समाजातच राहून सुधारणा करू पाहणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांची बघा, असं तुमचं म्हणणं. शिवाय तुम्ही स्वतः व्यसनमुक्तीच्या संघटनेत, तिथली पद्धत पटत नसताना, कुढत का होईना टिकून आहात, हेही तुम्ही लिहिलंत.

सोपं कशावरून? १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हापासून संपादक आगरकर. त्याच्यापायी कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढलेले. अडचण अशी, की अग्रलेख ‘केसरी’ चालवणाऱ्या सगळ्या मंडळींचा मानला जाई, आणि बालविवाह, केशवपन अशा विषयांवर मंडळींशी त्यांचं जुळत नव्हतं. राहायचं तर गप्प बसायचं, नाहीतर न पटणारं आपल्या संपादकत्वाखाली छापायचं. त्यांनी दोन्ही नाकारलं आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, ती यानंतरच्या काळातली. याला सोपं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली. आगरकरांनी पत्र सोडलं, फर्ग्युसन कॉलेज चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली नाही. ‘सुधारक’मधून टिळकांवर तुटून पडत असतानाही ते त्यांच्याच बरोबर फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. सोसायटीतून १८९० मध्ये बाहेर पडले ते टिळक. आगरकर १८९२ मध्ये प्राचार्य झाले. वर्गात तर्कशास्त्र शिकवताना कुणी त्यांच्या तोंडी न पटणारं मत घालत नव्हतं, मग तिथून का जायचं?

रानड्यांचं मात्र मला अर्धंच पटतं. पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून सनातन्यांनी गदारोळ केला, तेव्हा त्यांनी प्रायश्चित्त घेतलं ते मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून, भित्रेपणाने नव्हे. पण त्याने सुधारकांचा पक्ष दुबळा दिसला, हेही खरंच. (त्या चहाला टिळकही होते, हे पुष्कळदा सोयीस्कर विसरलं जातं.)

तेव्हा तुमच्या संघटनेबद्दल विचारायचंच तर, पुढारी चांगले की वाईट यात फार अडकू नका. व्यसनी माणसाला गावासमोर उभं करून लाजवण्याची पद्धत तुम्हाला पटत नाही ना? मग तसं तुमच्या नावानिशी संघटनेच्या मासिकात लिहून पाठवा. छापलं तर राहा आणि भांडत राहा. नाही छापलं, तरी समुपदेशनाचं काम सोडायचं कारण नाही. राजीनामा फक्त कार्यकारिणीचा द्या.