चोर हुशारच हवेत

नमस्कार काका,

धांदरट गुंडांच्या विनोदी सिनेमांवरच्या लेखाला तुम्ही इंदूरहून लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप तीन: गुंड मूर्ख दाखवले की हशा फुकटात मिळतो, शेवटची पळापळ सगळीकडे सारखीच असते, आणि असल्या गोष्टी मुंबईतच खपतात, इंदुरात घडूच शकत नाहीत. दुसरा आक्षेप बराचसा मान्य. पहिला अजिबात नाही. तिसऱ्यावर तर भांडायचंच आहे.

मूर्खाच्या फजितीला प्रेक्षक दोनदा हसतो, तिसऱ्यांदा मोबाइल काढतो. मूर्खाकडून काही अपेक्षाच नसते, मग फसल्याची गंमत कसली? या जातीच्या चांगल्या सिनेमात बेत चोख असतो, माणसं आपापल्या कामात बऱ्यापैकी असतात आणि एकच माहिती चुकलेली असते. मारिओ मोनिचेल्लीचा १९५८चा इटालियन सिनेमा ‘इ सोलिती इन्योती’ घ्या. रोममधला गहाणखाना लुटायचाय. शेजारचा फ्लॅट त्या रात्री रिकामा असेल याची तजवीज होते, तिजोरी फोडण्याची शिकवणी एका मुरलेल्या चोराकडे गच्चीवर होते, आणि भिंतीला भगदाडही पडतं. फक्त घरातलं सामान मधल्या काळात इकडचं तिकडे झालेलं असतं, त्यामुळे भिंत भलतीच निघते. पलीकडे गहाणखाना नाही, त्याच फ्लॅटचं स्वयंपाकघर. मग मंडळी तिथला चण्याचा पास्ता खायला बसतात. हे दृश्य चालतं ते आधीचा सगळा खटाटोप गंभीरपणे दाखवलाय म्हणून. भिंत फोडताना एकाच्या पायावर हातोडा पाडला असता तर पास्ता वाया गेला असता.

दुसरं उदाहरण तुमच्या-आमच्या घरातलं. ‘हेरा फेरी’ (२०००) मधली कबीराची टोळी बावळट नाही. मुलगी पळवते, फोन करते, रक्कम सांगते. पण डिरेक्टरीतल्या घोळामुळे फोन वाजतो तो बाबूराव गणपतराव आपट्यांकडे. इथे चूक प्रेक्षकाला आधीच कळते, म्हणून फोनची नुसती घंटा वाजली तरी हसू येतं. इटालियन सिनेमातल्या भिंतीच्या बाबतीत ती चोरांबरोबरच कळते, म्हणून तिथे एकच पण मोठा हशा. चूक कोणाला कधी कळवायची हा पटकथाकाराचा खरा हिशेब, आणि तो फुकट होत नाही. (आज डिरेक्टरीची चूक चालणार नाही, हे खरं. आज खंडणीचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पडायला हवा.)

आता पळापळ. ती फसते तेव्हा बहुतेक वेळा ऐवज कुठे आहे हेच प्रेक्षक विसरलेला असतो. चार टोळ्या, तीन सारख्या बॅगा आणि दोन पोलीस एकाच हॉलमध्ये घुसले की मग फक्त आरडाओरडा उरतो. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) मधला महाभारताचा प्रवेश अजून टिकून आहे, कारण सगळ्यांना हवा आहे तो एकच ऐवज, डिमेलोचं प्रेत, आणि ते द्रौपदीच्या साडीत रंगमंचावर आहे हे आपल्याला क्षणभरही विसरता येत नाही. शिवाय समोर प्रेक्षक बसलेत, नाटक चालू ठेवावंच लागतं.

आणि वजन! ५००च्या नोटांत एक कोटी म्हणजे २०,००० नोटा, २०० गड्ड्या. नोट साधारण एक ग्रॅमची धरली तरी वीसेक किलो. पाच कोटींची बॅग म्हणजे क्विंटलभर ऐवज, आणि आपला नायक ती एका हाताने भिरकावतो. बॅगेत भरलेला असतो थर्माकोल, आणि ते दिसतं. खरं वजन मान्य केलं तर बॅग उचलायला तिघं लागतील, जिन्यावर टेकवावी लागेल, बंद फाटेल. विनोद तिथेच होता, सोडून दिला.

राहिलं इंदूर. काका, सराफ्यात राहून तुम्ही हे म्हणावं? बाहेरगावची टोळी आणा. थंडीचे दिवस. दुपारी तीनला रेकी: गल्लीची रुंदी, शटरं, कुलपं, दुकानं वाढवायची वेळ, सगळं टिपलेलं, सगळं बरोबर. रात्री अकराला गॅस कटर घेऊन येतात तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. शटरांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू म्हणजे तळलेला कंद, जिलबी. रात्रीच्या या गजबजीने दुकानांची आपोआप राखण होते म्हणून सराफांनाही ती हवीच असते, असं सांगतात ना तुमच्याकडे? तीच राखण इथे खलनायक.

आता टोळीकडे काय आहे? निळं १९ किलोचं सिलिंडर, नळी, शेगडीसारखं काहीतरी. शेजारचा गराडूवाला बघणार काय? नवी गाडी! तो चोरीसाठी भांडत नाही, जागेसाठी भांडतो. दोन गिऱ्हाइकं रांगेत उभीसुद्धा राहतात. कटरसाठी सोबत आणलेलं काळं ऑक्सिजनचं सिलिंडर कशाला, हे मात्र कोणीतरी विचारणारच, आणि त्याचं उत्तर टोळीतल्या सगळ्यात हुशार माणसाकडे असायला हवं. सुरी चालवणाऱ्याने गराडू कापायचा, दुसऱ्याने एकदा तळून काढायचा, मागणी आली की पुन्हा तळायचा, वर मसाला आणि लिंबू. गर्दी मध्यरात्र उलटली तरी हटत नाही आणि गल्ला भरतोय. म्होरक्याला काय करावं कळत नाही, कारण त्याच्या बेतात एकही चूक नव्हती. त्याने फक्त दुपारी पाहिलं होतं.

हा सिनेमा पुण्यात लागला तर पहिला हशा रात्री अकराला येईल. इंदुरात तो दुपारी तीनलाच येईल, टोळी गाड्या नसलेल्या गल्लीची पावलं मोजत असताना.