तीन लॅपटॉप आणि संन्याशाची फाशी

"अगं, सोर्स आहे ना? मग फक्त मेक तर मारायचंय."

सर हे मंगळवारी सकाळी चहा पिता पिता बोलले. आज शुक्रवार आहे, आणि हे वाक्य परत कोणी माझ्यासमोर उच्चारलं तर सोल्डरिंग आयर्न कुठे ठेवलंय ते मला माहीत आहे.

प्रकरण ओपनओसीडीचं. मायक्रोकंट्रोलरमध्ये कोड भरायचा, चालता चालता तो थांबवायचा, रजिस्टरात काय शिजतंय ते जीडीबी या डीबगरमधून बघायचं, या सगळ्यासाठी पीसी आणि बोर्डाच्या मध्ये बसणारा हा दुभाष्या. तयार पॅकेज का नाही टाकलं, असं विचारू नका. ०.१२.० ही आवृत्ती जानेवारी २०२३ ची, आमच्या नव्या बोर्डावरची चिप त्यानंतरची. तिला ओळखणारा कोड फक्त गिटमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या चालू कोडच्या साठ्यात. म्हणजे सोर्सवरून, मूळ कोडवरून, प्रोग्राम स्वतः बिल्ड करणं आलं. तेही तीन लॅपटॉपवर: माझं उबंटू, ज्युनिअरचं विंडोज, सरांचा मॅक. सूचना तिन्हीकडे त्याच. बूटस्ट्रॅप (तयारी), कॉन्फिगर (मशीनवर काय आहे ते तपासणं), मेक (प्रोग्राम घडवणं). तीन शब्द. सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा यापेक्षा लांब यादी असते.

सुरुवात माझ्या मशीनवर, कारण लिनक्सवर सोपं जातं म्हणे. कॉन्फिगरने आधी जिमटीसीएल, म्हणजे आतल्या स्क्रिप्ट वाचणारा तुकडा, नाही म्हणून हात वर केले. पूर्वी ते सोर्सबरोबरच बिल्ड व्हायचं, आता वेगळं टाकावं लागतं. ठीक आहे, टाकलं. निदान जे नव्हतं त्याचंच नाव घेतलं. चार दिवसांत इतकं सरळ माझ्याशी कोणीच बोललेलं नाही, सरसुद्धा नाहीत.

पुढे शेकडो ओळी पळाल्या, शेवटी एक तक्ता आला, कुठल्या ॲडॅप्टरला, म्हणजे पीसी आणि चिपला जोडणाऱ्या सर्किटला, 'यस' आणि कुठल्याला 'नो'. तो तक्ता कोण वाचतं हो? एरर नाही म्हणजे पास. मेक झालं, इन्स्टॉल झालं, बोर्ड जोडला, आणि उत्तर आलं की तुम्ही सांगितलेला ॲडॅप्टर ड्रायव्हर सापडला नाही. आमच्या बोर्डावर एफटीडीआय कंपनीचा एफटी२२३२एच हा ॲडॅप्टर आहे, जगातल्या अर्ध्या डेव्हलपमेंट बोर्डांवर असावा इतका ओळखीचा. मला वाटलं माझी कॉन्फिग फाइल चुकली. ती बदलली. मग दुसऱ्या बोर्डाची आणली. मग केबल बदलली. दोन तास. शेवटी वैतागून तो तक्ता वर सरकवून वाचला, तर एफटीडीआयसमोर शांतपणे 'नो'. कारण? यूएसबीशी बोलणारी लायब्ररी, लिबयूएसबी, मशीनवर होती, पण तिचं 'डेव्ह' पॅकेज, म्हणजे हेडर फाइली, नव्हत्या. कॉन्फिगरचा 'ऑटो' म्हणजे काय ते तेव्हा कळलं: मिळालं तर घेईन, नाही मिळालं तर गुपचूप सोडून देईन, तुला सांगणार नाही. तोच एफटीडीआय नाव घेऊन एनेबल करायला सांगितला असता तर जागच्या जागी अडला असता आणि लिबयूएसबी हवी म्हणून ओरडला असता. म्हणजे ओरडता येतं! येतं, पण ओरडत नाही. चोर लिबयूएसबी, फाशी माझ्या कॉन्फिग फाइलीला.

हे सगळं नीट करून परत बिल्ड केलं. चालवलं. तीच जुनी आवृत्ती! आधी एपीटीने, उबंटूच्या पॅकेज टाकणाऱ्या कमांडने, टाकलेली ०.१२.० यूएसआर-बिनमध्ये होती, माझी नवी यूएसआर-लोकल-बिनमध्ये. पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, लोकल आधी येतं, तरी जुनीच चालत होती, कारण टर्मिनलमधल्या बॅशने सकाळचा पत्ता पाठ करून ठेवला होता. 'हॅश -आर' मारलं की विसरतो. किंवा नवी खिडकी उघडली की. मी काय केलं? मी पूर्ण सोर्स उडवून पुन्हा क्लोन केला. असो.

मग परवानगी. लिबयूएसबी एरर ॲक्सेस, आणि त्याच्याखाली 'अनेबल टू ओपन'. यूएसबीची यादी देणाऱ्या एलएसयूएसबीला बोर्ड ढळढळीत दिसतोय आणि याला उघडता येत नाही. सोर्सच्या काँट्रिब फोल्डरमध्ये ६०-ओपनओसीडी नावाची रूल्स फाइल असते, ती यूडेव्हच्या, म्हणजे उपकरणांच्या परवानग्या सांभाळणाऱ्याच्या, फोल्डरमध्ये टाका, रूल्स रीलोड करा, केबल काढून परत लावा. सगळे काय करतात? सुडो, म्हणजे सरळ ॲडमिन बनून चालवणं. मीही केलं. मंगळवार संपला होता.

मॅकचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मी फार टिकलेच नाही. मेक पडलं ते मॅन्युअल बनवताना. मेकइन्फो नाही म्हणे. म्हणजे प्रोग्राम पाहिजे होता मला, आणि गाडी अडली ती कोणीही न मागितलेल्या पुस्तकाच्या छपाईसाठी! ज्यात मेकइन्फो येतं ते टेक्सइन्फो टाकलं. जुन्या सूचनांमध्ये लिहिलंय की यूएसआर-लोकलमधला रस्ता पाथला जोडा. सरांचा मॅक एम चिपचा, तिथे पॅकेज आणून देणारा ब्रू राहतो ऑप्ट-होमब्रूमध्ये. तासभर मी रिकाम्या घराची कडी वाजवत होते. शेवटी झालं, आणि मग कळलं की सरांकडे सी-टाइपचा डोंगल नाही. सर मुळात हा लॅपटॉप बोर्डाला कधी जोडणारच नव्हते. "असावं म्हणून," म्हणाले.

आता विंडोज. इथे जरा पाणी पिऊन येते.

विंडोजवर आधी एमएसवायएस२ टाकायचं, लिनक्ससारखी बिल्डची साधनं तिथे देणारं. ते टाकलं की स्टार्ट मेनूत एक नाही, बरीच काळी टर्मिनलं उगवतात, एमएसवायएस, मिंगडब्ल्यू६४, यूसीआरटी६४, आणि आणखी. दिसायला सख्खी भावंडं, फरक फक्त आयकॉनच्या रंगाचा. प्रत्येकाचा संसार वेगळा, प्रत्येकाची लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये. ज्युनिअरने लिबयूएसबी आणली मिंगडब्ल्यू६४ ची आणि कॉन्फिगर चालवलं यूसीआरटी६४ मध्ये. डाळ भरली शेजारणीच्या डब्यात आणि आमटी करायला बसला आपल्या घरी. "ताई, लिबयूएसबी तर टाकलीय, हे बघा ना." टाकलीय रे बाबा, टाकलीय.

त्याआधी अर्धा दिवस गेला तो वेगळाच. त्याने गिट क्लोन न करता झिप उतरवली होती. झिपमध्ये सबमॉड्यूलचे, म्हणजे आत जोडलेल्या दुसऱ्या प्रकल्पांचे, फोल्डर रिकामे, आणि बूटस्ट्रॅप म्हणतो ही गिट रिपॉझिटरीच नाही. मुलाने गिट तीनदा काढून तीनदा टाकलं. बिचाऱ्या गिटचा काय गुन्हा?

बुधवारी रात्री एकदाचं ईएक्सई तयार झालं. डबल क्लिक. लिबयूएसबीची डीएलएल सापडत नाही. त्याच टर्मिनलमधून चालतं, बाहेर चालत नाही, कारण डीएलएल तिकडच्या फोल्डरमध्ये. कॉपी करून शेजारी ठेवली. आता चाललं? नाही, आता ड्रायव्हर. झाडिग नावाचं छोटं टूल आहे, त्यातून विनयूएसबी ड्रायव्हर बसवायचा. एफटी२२३२एचला दोन चॅनल असतात. आमच्या बोर्डावर पहिल्यावर जेटॅग (चिप थांबवून तपासायची वाट), दुसऱ्यावर सीरियल. यादीत दोन्ही एकाच नावाने दिसतात, फक्त शेवटी इंटरफेस ० आणि इंटरफेस १. पोराने १ निवडला. कॉम पोर्ट गायब, सीरियल लॉग बंद, जेटॅग आधीपासून बंदच.

"ताई, बोर्ड गेला."

मी मल्टिमीटर घेऊन बसले. ३.३ व्होल्ट बरोबर. क्रिस्टल बघितला. भिंगाखाली एकेक सोल्डर जॉइंट बघितला. एकावर संशय आला म्हणून तो परत तापवला, आणि तापवताना शेजारचा कपॅसिटर उडाला. म्हणजे धडधाकट बोर्ड मी स्वतःच्या हाताने बिघडवला, एका ड्रॉपडाउनपायी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो ड्रायव्हर डिलीटची खूण करून काढला, केबल परत लावली, कॉम पोर्ट हसत हसत परत आला.

मला कोणी सांगू नका की फुकट मिळतंय तर गप्प बसा. २००५ मध्ये डॉमिनिक राथ नावाच्या विद्यार्थ्याने ऑग्सबर्गमध्ये डिप्लोम्याच्या प्रबंधासाठी हे सुरू केलं. तेव्हापासून लोक स्वतःच्या रात्री घालून ते चालवतायत, त्यांना माझा दंडवत. माझं भांडण आहे ते "फक्त मेक तर मारायचंय" याच्याशी. आणि चिपवाल्या कंपन्यांशी, ज्या मूळ प्रकल्पात कोड द्यायच्या आधी आपापला फोर्क, म्हणजे वेगळी प्रत, काढून बसतात आणि त्यालाही ओपनओसीडीच म्हणतात. आत्ता माझ्या मशीनवर एकाच नावाचे तीन प्रोग्राम आहेत, एक एपीटीचा, एक माझा, एक कुठल्याशा आयडीईने न विचारता आणलेला. तिघांच्या स्क्रिप्ट वेगळ्या. कुठलीही एरर आली की पहिला प्रश्न: बोलतोय कोण?

असो. गुरुवारी संध्याकाळी तिन्हीकडे चाललं. मी सगळं एका कागदावर लिहून काढलं, पॅकेजच्या नावांसकट, आणि ज्युनिअरच्या डेस्कवर चिकटवलं.

आज सर म्हणाले, सोमवारपासून इंटर्न येतोय, हुशार आहे, स्वतःचा लॅपटॉप घेऊन येईल. विचारलं, कुठली ओएस? फेडोरा. तेही लिनक्सच, पण वेगळं.

तिथे त्या डेव्ह पॅकेजचं नाव लिबयूएसबी१-डेव्हेल आहे.