वामनाला तीन पावलं, मला एकही नाही

ऑफिसातून घरी एक खोकं आलं. आत डोळ्यांवर चढवायचा अर्ध्या किलोचा हेडसेट, आणि मेलवर फतवा: सोमवारची टीम मीटिंग यापुढे व्हर्च्युअल रूममध्ये. अर्धा किलो म्हणजे किती, हे भेंडी घेताना कळत नाही. चष्म्यासकट नाकावर बसला की कळतं.

आधी स्वतःचा अवतार घडवायचा. टक्कल मी प्रामाणिकपणे निवडलं. पोट मात्र मागूनही मिळेना. आणि कमरेखाली काहीच नाही! माझंच काहीतरी चुकलं म्हणून घाबरलो, तर आत सगळेच अर्धपुतळ्यांसारखे खुर्च्यांवर तरंगत होते. डोक्यावरच्या कॅमेऱ्यांना हात दिसतात, पाय नीट दिसत नाहीत, म्हणे. फेसबुकने, म्हणजे आताच्या मेटाने, २०२१ साली होरायझन वर्करूम्स ही व्हर्च्युअल मीटिंगरूम आणली, तेव्हा तिथल्या मंडळींनाही पाय नव्हतेच. त्याआधी, २००३ पासून, सेकंड लाइफ या ऑनलाइन दुनियेतले अवतार मात्र पायांसकट हिंडताहेत. तिथे पाय कीबोर्डावर चालतात. वामनाला हा हेडसेट दिला असता तर तिसरं पाऊल सोडा, पहिल्याचीच पंचाईत. बळीचं राज्य येवो म्हणायची वेळच आली नसती, ते गेलंच नसतं.

साहेबांनी फळ्यावर दोन डिझाइनं लावली, एक डावीकडे, एक उजवीकडे. आवाजही दिशेप्रमाणे येतो इथे. टेस्टिंगवाला डावीकडे बसला की डाव्याच कानात कुरकुरतो. आमच्या कुकरची शिट्टी तेवढी दाही दिशांनी आली.

तेवढ्यात आईने चहा आणून ठेवला. मी आंधळ्यासारखा हात पुढे केला. तिकडे माझ्या अवताराने हात वर केला.

"हां, बोला," साहेब म्हणाले.

मी चाचपडतच होतो. आईला राहवेना.

"डावीकडे रे! अरे, डावीकडे बघ जरा!"

माईक माझा, त्यामुळे आवाज माझ्याच तोंडून गेला. सहा अर्धपुतळे फळ्याच्या डावीकडे वळले. मला कप सापडला, तोंडाशी नेला, हेडसेटच्या कडेवर आपटला आणि निम्मा चहा मांडीवर. आहे ना मला मांडी, इकडे!

"आई गं!"

"एवढं पटलंय तर ठीक आहे," साहेब म्हणाले. अवतार माझा, हसतमुख.

संध्याकाळी मिनिट्स आले. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: डावीकडच्या पर्यायाचा जोरदार आग्रह. शुक्रवारपर्यंत एस्टिमेट द्यायचंय.