सोवळ्यातली तबकडी

नॉर्दर्न सोलचे डीजे व्हायचंय? उत्तम विचार आहे. संगीताची आवड नसली तरी चालेल. नाचता येत नसेल तर सोन्याहून पिवळं. फक्त एक भिंग हवं आणि मोबाइलला दणदणीत टॉर्च.

(ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साठच्या दशकात डेट्रॉईट-शिकागोकडे, मोटाऊन या डेट्रॉईटच्या रेकॉर्ड कंपनीसारखं आपलंही नशीब उघडावं म्हणून कितीतरी काळ्या गायकांनी जोरकस ठेक्याची गाणी म्हटली. त्यातली बरीचशी तिकडे सपशेल आपटली. इथे इंग्लंडच्या उत्तरेत कारखान्यांत राबणाऱ्या पोरांनी ती उचलली आणि शनिवारी रात्र रात्र त्यांवर नाचली. नाव मात्र लंडनच्या एका दुकानदाराने दिलं, डेव्ह गॉडिनने. फुटबॉलच्या निमित्ताने येणारी उत्तरेकडची गिऱ्हाइकं नवं काही ऐकून घेत नाहीत, जुनंच मागतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. मी बोल्टनजवळ राहतो. शेजाऱ्यांनी एकदा नेलं, तो अजून परत आलेलो नाही.)

तर सल्ला.

पहिल्यांदा ‘मी विगन कसिनोला असायचो’ हे वाक्य तोंडपाठ करा. कसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे, विगन गावातला या गाण्यांवर रात्रभर नाचायचा क्लब. तो १९७३ च्या सप्टेंबरात सुरू झाला, १९८१ च्या डिसेंबरात संपला. ‘मी तिथे होतो’ म्हणणारे सगळे खरंच तिथे असते तर शिवाजी पार्कही पुरलं नसतं. कोणी तुमचं वय काढून हिशेब मांडू लागला की खोकला काढा.

हाताची घडी घाला. ती टाळीच्या जागीसुद्धा सोडायची नाही.

गाणं लावण्याआधी त्याची किंमत सांगा. नाव मागाहून सांगितलं तरी चालतं, आणि सांगितलंच नाही तर आणखी भाव वाढतो. नाव लपवण्याची इथे परंपराच आहे म्हणा. सत्तरच्या दशकात डीजे मंडळी लेबलवर कोरा कागद डकवायची आणि गायकाचं भलतंच नाव ठोकून द्यायची, म्हणजे दुसऱ्या क्लबवाल्याला तबकडी शोधता येऊ नये. तेव्हा त्यात अर्थ होता. एका गाण्यासाठी माणसं लांबून लांबून कोच करून यायची. आज बहुतेक गाण्यांचं नाव खिशातला फोन दहा सेकंदांत सांगतो, तरी आपण लेबलवर तळहात धरावा. वर्गात पहिल्या बाकावरचा एक मुलगा असतो ना, कंपासपेटी उभी करून पेपर झाकणारा? तसा.

तबकडी विकायची वेळ आली तर तिची अवस्था ‘व्हीजी प्लस’ लिहा, म्हणजे ‘व्हेरी गुड’च्याही वर. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहिणारे बिल्डर ज्या शाळेत शिकले, तिथलाच हा अभ्यासक्रम. माझ्याकडे अशी एक ‘व्हीजी प्लस’ आहे. पहिल्या कडव्यापासून तिच्यात मोहरी तडतडते.

नाचायची जमीन रिकामी राहील असं बघा. भरली तर समजावं, गाणं लोकांना आवडतंय, म्हणजे ते हलकं आहे.

आता मुख्य व्रत. त्याला ओव्हीओ म्हणतात, ओरिजिनल व्हायनल ओन्ली. गाणं पहिल्यांदा निघालं तेव्हाच्या पहिल्या छपाईचीच तबकडी वाजवायची. पुन्हा छापलेली असेल तर ती ओवळी. तिला शिवायचं नाही, कोणी वाजवली तर आंघोळ करायची. माझ्या आजीचं सोवळं मी पाहिलं आहे. वलणीवरचं लुगडं काठीने काढायची आणि आम्ही मधे आलो की घर डोक्यावर घ्यायची. पण ती निदान रांधून सगळ्यांना पोटभर वाढायची तरी. इथलं सोवळं स्वतः जेवत नाही आणि दुसऱ्याच्या पानातलंही उचलून नेतं.

झालं काय, गेल्या महिन्यात एका क्लबात मला पंचवीस मिनिटं मिळाली. जुना हॉल, लाकडी जमीन, पाय सरकावेत म्हणून तिच्यावर भुरभुरवलेली टाल्कम पावडर. मध्यंतराला ‘पाय’ मिळतो, म्हणजे मटण-बटाटा भरलेला, नाचायचे आपले आपण आणायचे. मी फ्रँक विल्सनचं ‘डू आय लव्ह यू’ लावलं. मोटाऊननेच १९७९ साली ब्रिटनमध्ये काढलेली तबकडी, रीतसर, चोरीची नव्हे. जमीन भरली. सत्तरीच्या एक आजी, गुडघा बदलून घेतलेल्या (हे त्यांनीच सांगितलं), अशी गिरकी घेत होत्या की मी पुढची तबकडी काढायची विसरलो.

तेवढ्यात एक गृहस्थ डेकवर वाकले. तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांनी फिरते आहे, आणि हे फिरत्या लेबलवर टॉर्च मारून ते वाचायला मानही तशीच फिरवताहेत. गोल, गोल, घुबडासारखी. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “ही ओरिजिनल नाही.” मी म्हटलं, नाही. ते आयोजकाकडे गेले. आयोजक माझ्याकडे आला आणि “जरा समजून घे” म्हणाला. माझी पंचवीस मिनिटं तेराव्या मिनिटाला संपली. मग हे स्वतः उभे राहिले, माइकवर किंमत सांगितली, आठशे पौंड, आणि एक अशी रडकी तबकडी लावली की जमिनीवर फक्त पावडर उरली. डेकपाशी चार जण घडी घालून माना डोलवत होते. आजी जाऊन थर्मासातला चहा ओतून बसल्या.

आता ओरिजिनलचा हिशेब ऐका. १९६५ साली मोटाऊनच्या ‘सोल’ या लेबलासाठी (लेबल म्हणजे इथे रेकॉर्डचा ब्रँड) ‘डू आय लव्ह यू’ची तबकडी छापली गेली आणि दुकानात जायच्या आतच प्रती नष्ट केल्या गेल्या. वाचलेल्या प्रती कित्येक वर्षं जगात दोनच ठाऊक होत्या. २००९ साली एक २५,७४२ पौंडांना गेली, २०२० मध्ये एक लाखाच्या वर. म्हणजे व्रत पाळायचं तर हे गाणं साऱ्या पृथ्वीवर दोन-चार माणसांनी वाजवावं आणि बाकीच्यांनी त्यांच्या खिडकीखाली उभं राहून नाचावं.

आणि महाराज, ज्या कसिनोच्या नावाने हे सोवळं चाललंय, तिथे काय होतं? तिथे हे गाणं आधी ‘एडी फॉस्टर’ या खोट्या नावाने वाजलं. मूळ तबकडीवरून कापून घेतलेल्या ॲसिटेट नकला तिथे सर्रास चालत. बाहेर बेकायदा छापलेला माल ढिगाने विकला जाई. त्या चोरांची बाजू मी घेत नाही, गाणाऱ्याला त्यांनीही बुडवलंच. पण ज्या देवळात पुजारीच पारोसे होते, तिथल्या भक्ताने मला शिवाशिव शिकवू नये.

आणि लाख पौंड कोणाला मिळाले? ज्याने विकली त्याला. गायकाच्या घरी त्यातला एक पेनी गेला नाही, जुनी तबकडी या हातातून त्या हातात जाताना गायकाला काही मिळतच नाही. विल्सन २०१२ मध्ये वारला. बाकीचेही कितीतरी गायक, एखाददुसरी तबकडी काढून दुसऱ्या कामाधंद्याला लागलेले. तबकड्यांतून त्यांना काही मिळालंच तर ते पुन्हा छापलेल्या तबकडीतून, केंटसारखी लेबलं १९८२ पासून परवाने घेऊन काढताहेत त्यातून. थोडंच मिळेल, उशिरा मिळेल, पण वाट तरी तीच आहे. तू ज्या तबकडीला ओवळी म्हणालास ती.

हो, आता तुलाच म्हणतोय. तू नाकाने कांदे सोलतोस, आणि त्या कांद्यावर पिकवणाऱ्याचा हक्क किती याची तुला फिकीर नाही. तुझ्याकडे आठशे पौंड होते, बस्स, तेवढीच तुझी पुण्याई. गाणं तू लिहिलं नाहीस, म्हटलं नाहीस, त्यावर एक पाऊल टाकलं नाहीस. त्या रात्री विशीतल्या दोन पोरी पहिल्यांदाच आल्या होत्या. जमिनीवर पावडर कशाला टाकतात म्हणून आजींना विचारत होत्या, आजी त्यांना पाय कसा सरकवायचा ते दाखवत होत्या. तुझं माइकवरचं किंमतपुराण सुरू झालं आणि दोघींनी कोट चढवले. मी दारापर्यंत गेलो होतो त्यांच्या मागे. “पुढच्या वेळी या” म्हटलं, तर एकमेकींकडे बघून हसल्या.

परवा आयोजकाचा फोन आला. आजींनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं म्हणे. पुढच्या शनिवारी मला पूर्ण अर्धा तास दिलाय. सुरुवात त्याच तबकडीने करणार आहे. तू ये, टॉर्च चार्ज करून ये. आणि डेकपासून चार हात लांब उभा राहा, तिथे आजींना गिरकीला जागा लागते.