रायटिंग सेंटरचा पुरेपूर वापर कसा करावा : प्राध्यापकांसाठी मोफत सल्ला

तुम्ही अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकवता. नुकतेच असिस्टंट प्रोफेसर झाला आहात, किंवा पीएचडी करता करता टीए, म्हणजे शिकवण्यातला मदतनीस, म्हणून पोरांचे पेपर (परीक्षेचे नव्हे, घरून लिहून आणलेले निबंध) तपासता. अभिनंदन! (काकूंनी अख्ख्या सोसायटीला सांगून झालं असेलच.) लेक्चरं, रिसर्च, ग्रँटचे अर्ज, कमिट्या, यातून पोरांचं लिखाण वाचायला वेळ कुठून मिळणार? काळजी नसावी. लायब्ररीच्या तळमजल्यावर, प्रिंटरच्या मागे, रायटिंग सेंटर नावाची एक सोय आहे. तिथे पोरांना लिखाणात मदत करायला माझ्यासारखे ट्यूटर बसलेले असतात. आम्हाला दुसरं काही काम नसतं.

सगळ्यात आधी, अख्खा वर्ग एकदम पाठवा. गेल्या आठवड्यात एका प्राध्यापकांनी पाठवला, म्हणून ही युक्ती अगदी ताजी आहे. पेपर शुक्रवारी रात्री ११.५९ ला द्यायचा. गुरुवारी सकाळी पोरांना मेल : सेंटरला जाऊन आल्याचा पुरावा जोडा, नाहीतर पाच गुण कापले जातील. दुपारी आमच्या दारात रॉकेलच्या दिवसांतल्या रेशन दुकानासारखी रांग. एका सेशनला पाऊण तास लागतो आणि त्या दिवशी ट्यूटर तीनच होते, पण हा हिशेब करायला तुम्ही कशाला बसाल, तुम्ही तर स्टॅटिस्टिक्स शिकवता. पोरं खुर्चीत टेकायच्या आधीच विचारत होती, सही कोण देतं? एकीने लॅपटॉप उघडलाच नाही. पेपर लिहायला घेतलाच नव्हता, उघडून दाखवणार काय! पण नियमाप्रमाणे ती येऊन गेली, तिचे पाच गुण वाचले. नर्सिंगची एक मुलगी दर गुरुवारी नाइट ड्यूटी संपवून आपणहून येते, तिला मात्र जागा मिळाली नाही. असू दे. ती तुमच्या वर्गात नाही.

असाइनमेंट एका ओळीची ठेवा. ‘चिकित्सक चर्चा करा’ पुरे झालं. तुम्हाला नेमकं काय हवंय ते पोर आणि ट्यूटर मिळून ओळखतील.

रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण ते सांगणारा तक्ता? गुपितच बरं.

सिलॅबसमध्ये आमचा पत्ता जुनाच राहू द्या. पोरांना तेवढंच कँपस दर्शन.

आता हुकमी सल्ला. पोराचं इंग्रजी खटकलं की पुढे वाचूच नका. ‘इंग्रजी सुधारा, रायटिंग सेंटरला जा’ असा शेरा मारा आणि मोकळे व्हा. परवा असाच एक मुलगा आला. परभणीचा, सिव्हिलमध्ये एमएस, पहिलंच सेमिस्टर. टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “ताई, सरांनी ग्रामर करून आणायला सांगितलंय. उद्या द्यायचंय.” काँक्रीटचे सिलिंडर दाबून फोडायच्या चाचणीचा रिपोर्ट होता. जिथे जिथे इंग्रजीतला ‘द’ (the) राहिला होता तिथे तिथे लाल गोल. आमच्याकडे लिहिणाऱ्यालाच मोठ्याने वाचायला लावतात, म्हणजे त्याचं त्यालाच ऐकू येतं. तो वाचत चौथ्या पानावरच्या तक्त्याशी आला. सात दिवसांनंतरची ताकद इतकी, अठ्ठावीस दिवसांनंतरची तितकी. आणि अठ्ठावीसची कमी! मी इतिहासवाली, काँक्रीटशी माझा संबंध भिंतीला खिळा ठोकण्यापुरता. तरी विचारलं, “दिवस गेले की काँक्रीट मऊ पडतं का रे?” त्याचा चेहराच उतरला. रकाने उलटे लागले होते, आणि खालचा निष्कर्ष त्याच उलट्या आकड्यांवर रचलेला. त्या तक्त्याच्या मथळ्यातही एक लाल गोल होता. म्हणजे सरांनी मथळा वाचला. खालचे आकडे वाचले नाहीत!

आणि हे सर सिव्हिलचे. सुधारायचं काय होतं तिथे, इंग्रजी? मराठीत ‘अ’, ‘द’ असली आर्टिकल नाहीत. ती कानात बसायला वर्षं जातात. एका सेशनमध्ये एखादा नियम समजावून, त्याच्याच दोन परिच्छेदांत तो त्याला शोधायला लावता येतो. सगळे ‘द’ भरून दिले तर पुढच्या रिपोर्टला तो पुन्हा माझ्याच दारात, आणि त्यात तो काय शिकला? १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ नावाच्या प्राध्यापकाने याच वैतागातून एक लेख लिहिला होता : आमचं काम लिहिणारा सुधारणं हे आहे, नुसता कागद सुधारणं नव्हे. त्याचा राग तेव्हा स्वतःच्याच इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्यांवर होता. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. आमच्या दारात शेरे अजून तेच येतात.

एआयचा संशय आला तरी आमच्याकडेच पाठवा. आम्ही नाडी बघून सांगतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेलच्या, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या परीक्षेतल्या, ९१ निबंधांवर एआयचं लिखाण ओळखणारे सात डिटेक्टर चालवून पाहिले, तर माणसांनी लिहिलेले ते निबंध सरासरी निम्म्याहून जास्त वेळा यंत्राचे ठरले. परभणीच्या पोराने अजून काय काय सिद्ध करायचं?

पुरे झाली थट्टा. तुम्हाला लाज कशी वाटत नाही? आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याची फी किती असते हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच एकेकाळी ती भरली किंवा माफ करून घेतलीत. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेलं पोर पाच पानं लिहितं, आणि तुम्ही त्यातले फक्त ‘द’ मोजता. कुणाला पाठवायचं तर कशासाठी पाठवताय ते त्याला दोन वाक्यांत सांगा. असाइनमेंटचा कागद आम्हाला आधी मेल करा. पहिला ड्राफ्ट दहा दिवस आधी मागा. वर्गात दहा मिनिटं आम्हाला बोलवा, आम्ही येतो, त्याचे पैसे लागत नाहीत. ती सहीची चिठ्ठी फाडून टाका. आणि एवढंही जमणार नसेल तर पेपर लिहायला सांगूच नका. बहुपर्यायी परीक्षा घ्या, गोल काळे करून घ्या. तपासायला मशीन आहे.