अरफाच्या दिवशी दुआ कशी मागावी

जिलहज्ज महिन्याची ९ तारीख, म्हणजे हाजी अरफातच्या मैदानात दुआ मागतात तो अरफाचा दिवस, वर्षातून एकदाच येतो. तो वाया घालवून चालत नाही. 'सर्वांत उत्तम दुआ ती अरफाच्या दिवसाची' ही तिरमिजीतली हदीस (हदीस म्हणजे पैगंबरांचं वचन; तिरमिजी, मुस्लिम, बुखारी हे त्यांचे संग्रह) आदल्या रात्रीपासूनच आपल्या मोबाईलवर येऊ लागते, गुलाबाच्या फुलासकट. ती आली रे आली की मामूंना, खालूंना आणि कुवेतच्या ग्रुपवर ढकलून द्यावी. मग स्वतः दुआ मागायला वेळ उरला नाही तरी बिघडत नाही, ढकलल्याचा सवाब, म्हणजे पुण्य, आहेच.

सुरुवात दिवस ठरवण्यापासून करा. सौदीचा अरफा धरायचा की आपला, यावर मोहल्ल्यात दोन पार्ट्या पाडा. चंद्र तिकडे बहुतेक वर्षी आपल्या एक दिवस आधी दिसतो, त्यामुळे विषय कधी आटत नाही. कुणी बिचारा 'मी दोन्ही दिवस रोजा ठेवतो' म्हणाला तर त्याला दोन्ही पार्ट्यांतून काढून टाका.

रोजाबद्दल सहीह मुस्लिममध्ये स्पष्ट आहे: जो हजला गेलेला नाही, त्याने हा रोजा ठेवला तर मागच्या वर्षाचे आणि पुढच्या वर्षाचे गुनाह माफ होण्याची उमेद आहे. पुढच्या वर्षाचे कोणते करायचे आहेत, त्याची यादी आधीच तयार ठेवावी.

गावातून कुणी हजला निघालं असेल तर त्याच्या हातात आपली दुआ देऊन टाकणं सगळ्यांत सोयीचं. भारताचा हजचा कोटा १,७५,०२५ आहे. त्यात आपल्या खेड-दापोलीचा, म्हसळ्याचा, राजापूरचा एक तरी ओळखीचा निघतोच. त्याला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवा. मोठ्याला कतारचा व्हिसा, धाकट्याला बारावीत साठ टक्के, भाचीला स्थळ (मुलगा बोटीवर नको, पण पगार बोटीवरचा हवा), बोअरवेलला पाणी, यंदा आंब्यावर थ्रिप्सची कीड नको, आणि मुंबई-गोवा महामार्ग. शेवटची दुआ आपले लोक किती वर्षं मागतायत ते विचारू नका. 'मी मागितलं आणि मिळालं नाही' अशी घाई जो करत नाही त्याची दुआ कबूल होते, असं बुखारीत आहे. घाई न करण्याच्या बाबतीत त्या महामार्गाच्या ठेकेदारांचा हात कुणी धरणार नाही.

ऐन अरफातच्या मैदानात, वुकूफच्या, म्हणजे तिथे थांबून दुआ मागण्याच्या, त्या मोजक्या तासांत, दुपार कलल्यापासून सूर्य बुडेपर्यंत, त्या माणसाने कानाला फोन लावून तुमच्या बोअरवेलचं ऐकत बसावं ही तुमची रास्त अपेक्षा आहे. तो स्वतःसाठी काय मागणार? त्याच्याकडे सगळं आहे, म्हणून तर गेला.

दुआ मोठ्याने मागावी. खूप मोठ्याने. मशिदीचा माईक आहेच, आणि वर्गणी देणाऱ्यांची नावं वाचायला दुआइतकी चांगली जागा नाही. कुराणात सूरह आराफच्या ५५व्या आयतीत 'आपल्या रबला गयावया करून आणि हळू आवाजात हाक मारा' असं आहे खरं, आणि मोठमोठ्याने तकबीर म्हणणाऱ्या साथीदारांना खुद्द पैगंबरांनी 'तुम्ही बहिऱ्याला किंवा गैरहजर असलेल्याला हाक मारत नाही आहात' असं सुनावल्याचंही बुखारीत आहे. पण त्या काळी आपल्यासारखे ॲम्प्लिफायर नव्हते, त्याला कोण काय करणार?

डोळ्यांत पाणी येत नसेल तर फोनचा पुढचा कॅमेरा चालू करावा. येतं.

हजला निघताना आणि अरफाच्या दिवशीही माफी मागण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. ती आता किती सोपी झाली आहे पाहा. १९९५ पर्यंत मुंबईहून जिद्दाला आगबोट जायची. आमचे दादा त्या बोटीने गेलेले. निघण्याआधी ते घरोघर फिरले, आणि नुसते हात जोडत फिरले नाहीत. सुताराची मजुरी बाकी होती ती दिली. खाडीपलीकडच्या एका घरी कधीकाळी आणलेलं भाताचं बियाणं परत केलं, तेही होडीत बसून, डोक्यावर इरलं घेऊन. एवढा उपद्व्याप कशाला? आता 'कहासुना माफ करा' असं एकदा टाइप करायचं आणि साऱ्या गोतावळ्याला एका झटक्यात पाठवायचं. ज्याचे पैसे बुडवले त्यालाही जातं, ज्याचा गडगा सरकवला त्यालाही जातं. खाली हात जोडलेलं चित्र. काही जण तर त्यावर अंगठा दाखवतात, म्हणजे मामला मिटला.

आमचे भाई यंदा गेले. निघण्याआधी माफी मागायला स्वतः घरी आले, मेसेजवर भागवलं नाही, हे कबूल करायला हवं. पडवीत बसले, कोकमसरबत घेतलं, "बहीण, काही चुकलंमाकलं असेल तर दिलसे माफ कर" म्हणाले आणि पिशवीतून कागद काढला. हक्कसोडपत्र. अब्बांची बाग, घरामागची वाडी आणि खाडीकडची भातजमीन, यावर मला आणि धाकटीला काही नको, राजीखुशीने सोडतो, असा मजकूर. माझं नाव टाइप केलेलं, सहीच्या जागी पेन्सिलने फुली. "हजला जाण्याआधी सगळं क्लिअर केलेलं बरं" म्हणाले. मी चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता. सही केली नाही. ते सरबताचा पेला अर्धा तसाच ठेवून उठले.

मग अरफाचा दिवस. तिकडचा. आमच्याकडे संध्याकाळ उतरत होती, पाऊस आलेला, मी आंब्याची साठं ताटांसकट आत घेत होते, आणि व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी आभाळ, मग कुणाची तरी छत्री, मग भाईंची नाकपुडी. खांद्यावर इहरामची पांढरी चादर, मागे पाण्याचे तुषार उडवणारा पंखा. "बोल, तुझ्यासाठी काय मागू? लवकर बोल, नेट जातं इथं." रडत होते. खोटं नाही सांगत, खरंच रडत होते.

मी म्हटलं, "भाई, माझा हिस्सा."

"आँ? आवाज तुटतोय गं."

"हिस्सा. बागेतला."

चेहरा तसाच थिजला, डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. नेट गेलं म्हणे. रात्री भाभींचा मेसेज आला: तुमच्या भावाने रडून रडून तुमच्यासाठी दुआ केली, मैदानात सगळे बघत राहिले. बघत राहिले हे कळलं कसं, तर व्हिडिओ होता. स्टेटसला होता. अख्ख्या मोहल्ल्याने पाहिला. दुसऱ्या दिवशी, आमच्या रोजाच्या दिवशी, असरचा, म्हणजे दुपारनंतरचा, नमाज झाल्यावर जो एक तास मला हवा होता, त्या तासात 'माशाअल्ला, काय नशीबवान बहीण' सांगायला दारात माणसं.

तर सल्ला असा की दुआ स्वतःसाठी मागण्याआधी बहिणींसाठी मागा. जे पाठीमागे आपल्या भावंडांसाठी मागतात त्यांना फरिश्ता म्हणतो, 'आमीन, आणि तुलाही तसंच मिळो.' सहीह मुस्लिममध्ये आहे. बहिणीला सेहत मागा, इमान मागा, जन्नत मागा. जन्नतीत बाग मागा. इथली मागू नका, ती कलमं तुम्ही लावलीत.

कुणी लावली? अब्बांनी लावली. पाणी कुणी घातलं? मी आणि अम्मीने, विहिरीवरून कळशा वाहून. भाई तेव्हा दुबईत होते.

आणि हे एकट्या आमच्या भाईंचं नाही. पाच वक्ताचा नमाज, दाढी, टखन्याच्या (घोट्याच्या) वर पायजमा, शाफई पद्धतीने फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजात, कुनूतची दुआ चुकली तर सजद-ए-सहव, म्हणजे चूक भरून काढणारा सजदा, करणारे आपले लोक. बारीकसारीक मसला विचारायला मौलानांना रात्री अकराला फोन करतील. सूरह निसाची ११वी आयत मात्र कुणी विचारत नाही. मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. कठीण गणित नाही. जिला अर्धा दिला तिला तोही नको, असं तुम्हीच ठरवून टाकता. विचारलं की उत्तर तयार: लग्नात दिलं की. ईदला साडी येते की. माहेरी आली की तिला वडे आणि कोंबडीचं सागुती कोण करून घालतं? भाभीच ना? मग? आणि ज्या बहिणीने मागितलं तिला नाव पडतं, माहेर तुटलं हिचं, नवऱ्याने शिकवलं.

माहेर तुटेल या भीतीवर बहिणींनी सह्या केल्यात, आणि त्याला तुम्ही राजीखुशी म्हणता.

आता सरळच बोलते. बुखारी-मुस्लिममध्ये आहे, जो वीतभर जमीन जुलमाने बळकावेल त्याच्या गळ्यात कयामतला सात जमिनींचा तौक, म्हणजे गळ्यातलं कडं, पडेल. वीतभर. बागेचं क्षेत्र मी सांगत नाही, सातबारा तुमच्याकडे आहे. लांबचा प्रवास करून आलेला, केस विस्कटलेले, अंग धुळीने भरलेलं, आभाळाकडे हात करून 'या रब, या रब' म्हणणाऱ्या माणसाची हदीसही तुम्हाला पाठ आहे, जुम्याला सांगता. त्याचं खाणं हराम, पिणं हराम, अंगावरचं हराम, मग त्याची दुआ कबूल व्हायची कशी, असं तिथे विचारलंय. ती ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? दारूचं दुकानवाला, व्याजवाला. स्वतः कधीच नाही. बहिणीच्या कलमांच्या पेट्या वाशीला विकून त्या पैशाचं तिकीट काढून तुम्ही तिथवर गेलात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

शहीदाचंसुद्धा सगळं माफ होतं, देणं सोडून. मग तुमचं, एका मेसेजवर? माणसाचा हक्क माणसानेच सोडायचा असतो, आणि मी सोडलेला नाही. धाकटीनेही नाही. तिला तुम्ही दुसरा कागद दाखवलात हे मला कळलंय.

त्या दिवशी हात फक्त तुमचेच वर नव्हते. ज्याच्यावर जुलूम झालाय त्याच्या दुआच्या आणि अल्लाच्या मध्ये पडदा नसतो, हे पैगंबरांनी आपले साथीदार मुआज यांना येमेनला पाठवताना बजावून सांगितलं होतं. मी त्या तासात काय मागितलं ते तुम्हाला सांगणार नाही. वाईट मागितलं नाही, एवढंच.

हाजी होऊन याल तेव्हा हार घालायला येईन, जमजम घेईन, खजूर घेईन. पण दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे चला. वारसनोंदीला अब्बांचा मृत्यूचा दाखला लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं आणि सगळ्या वारसांची नावं. सगळ्या म्हणजे सगळ्या. 'बहिणी लग्न होऊन गेल्या' असा रकाना त्या अर्जात नाही.