पत्रा किती एमएमचा?

चार वर्षं माझा कॉम्प्युटर ज्या कॅबिनेटात होता, त्याचीच सुधारित आवृत्ती बाजारात आली आणि मला राहवेना. जुन्याच्या तोंडाला अखंड काच. आत रंगीत दिव्यांचे तीन पंखे, पण त्यांना हवा मिळायची ती कडेच्या बोटभर फटीतून. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. याचं दोन्ही बंद. नव्यात काच जाऊन जाळी आली, १२० एमएमच्या पंख्यांजागी १४० चे आले आणि डोक्यावरचा सपाट पत्रा जाऊन तिथंही जाळी आली. या शेवटच्या सुधारणेचा मी नीट विचार करायला हवा होता.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून खोका रिक्षानं घरी आणला. रविवार होता, पांढऱ्या रश्श्याला मामा आलेला. मामाचं शिवाजी उद्यमनगरात लेथ आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तिथला माणूस दुकानातून आणलेल्या वस्तूला सहजासहजी मान देत नाही. मामानं कॅबिनेटवर बोटाचं पेर आपटलं, कान लावला आणि खिशातनं पत्र्याची जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. लोक कंगवा बाळगतात तसा तो व्हर्नियर बाळगतो.

"झिरो पॉइंट सिक्स. जुनं आण बघू."

जुनं भरलं झिरो पॉइंट एट.

"मग सुधारलं कुठं रं? दोन दशांश खाल्लं की!"

मी हवेचा प्रवाह समजावला. गार हवा पुढनं आत, गरम हवा मागनं आणि वरनं बाहेर.

"म्हणजे धुरांडं."

"तसंच म्हण."

"धुरांड्याला साडेसात हजार दिलंस?"

यावर उत्तर नव्हतं. मी मदरबोर्ड बसवायला घेतला. बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी स्टँडऑफ आणि बोर्डाची भोकं तंतोतंत जुळली, तसा मामा पहिल्यांदा वाकून बघायला लागला. इंटेलनं १९९५ साली एटीएक्स या मदरबोर्डाच्या साच्याची मापं ठरवली, ३०५ गुणिले २४४ एमएम, आणि आजही बोर्ड त्याच भोकांत बसतो, हे मी त्याला सांगितलं.

"तीस वर्षं भोकं हलली न्हाईत? ही खरी माणसं," मामा म्हणाला. साडेसात हजारांपैकी तेवढेच वसूल झाले.

पुढं मात्र कॅबिनेटनं इंगा दाखवला. पॉवर स्विच, रिसेट, दिवे यांच्या मुंगीएवढ्या वायरी अजूनही सुट्ट्याच. त्या तांदळाएवढ्या पिनांवर उलट्या हातानं बसवायच्या, आणि अधिक-उण्याची खूण बघायला बॅटरी कुणी तरी धरायची. ती मामानं धरली, पण उजेड सारखा पत्र्याच्या कडेवर. "कडेची बर काढलेली न्हाई, धार तशीच हाय," म्हणत त्यानं पिशवीतनं कानस काढली. लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर सगळंच संपलं, म्हणून मी बोर्ड उरावर कवटाळून बसलो. मामानं पेपर अंथरून चारी कडा अशा घासल्या की आता त्यावरनं बाळाचा गाल फिरवावा.

रात्री मशीनला अर्धा तास पूर्ण ताणलं. प्रोसेसर जुन्यात ८६ डिग्री, नव्यात ७१. पंख्यांचा आवाज नाही, फक्त एक मंद घुर्र. घरातल्या सगळ्यांना बोलावून आकडा दाखवला. आई म्हणाली, "बरं झालं बाबा," आणि जाळीवर हात धरून जरा वेळ उभी राहिली. मला वाटलं, कौतुक.

दुसऱ्या दिवशी आकडा ८४. बायोस बघितलं, पंखे बघितले, कूलरची पेस्ट पुन्हा लावली. पुन्हा ८४. मग कॅबिनेटच्या डोक्यावर लक्ष गेलं. चार पायमोजे, एक कानटोपी आणि त्यांच्याखाली, जाळीचे ओरखडे उमटू नयेत म्हणून, क्रोशाचा रुमाल. जुलै महिना, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेले, गावात आठवडाभर कपडा वाळलेला नाही.

"हे नवीन लै भारी हाय बघ," आई म्हणाली. "जुन्यावर काय म्हणजे काय वाळायचं न्हाई."

मी मामाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त जाळीची लांबी-रुंदी विचारली. बुधवारी तो वर ठेवायचं स्टँड घेऊन आला, खाली चार इंच हवा खेळती, वर पायमोज्यांना दांड्या. पत्रा किती एमएमचा ते विचारलं नाही. ते रिक्षातनं उतरवायला तिघं लागलो.